शुगर-बीपीवाल्या आईबाबांना लेहला नेताय? आधी हे करा

तिकीट काढायच्या आधी शिलाईची टेप घ्या. बाबांना सरळ उभं करा, पोट आत ओढू देऊ नका, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या, पँटच्या पट्ट्यावर नाही. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०, एवढं किंवा जास्त भरलं की एक खूण. मग रिपोर्ट बघा: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. गोळ्या चालू असतील तर आकडा नॉर्मल असला तरी खूण धरायचीच. पाचातल्या तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोट, चरबी, शुगर, बीपी यांचा एकत्र बिघाड.

याचा लेहशी काय संबंध? लेह ३५०० मीटरवर, हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच पण दाब कमी, म्हणून एका श्वासात मिळतो तो मुंबईच्या साधारण दोन तृतीयांश. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के, त्यामुळे कमी पडला की त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जास्त रक्त ओढून घेतात. दुसरीकडे आपण भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि त्याने त्याच वाहिन्या आकसतात, म्हणजे ओढाताण चालू. रुंदावायला वाहिनीच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, आणि वर्षानुवर्षं शुगर-चरबी-बीपी सोसलेलं अस्तर ते कमी सोडतं, भिंतीही कडक झालेल्या असतात. म्हणून गरजेच्या वेळी रक्त वाढवायची ताकद कमी पडू शकते. जाऊच नका असं मी म्हणत नाही, पण मेंदूला वेळ द्या.

जमत असेल तर विमानाऐवजी श्रीनगर-कारगिल मार्गे जा, कारगिल २७०० मीटरच्या आसपास, तिथे मुक्काम करा. विमानानेच गेलात तर पहिले दोन दिवस हॉटेलातच. माझे बाबा पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघाले होते, मी दारातच अडवलं, ते रागावले, रागावू दे.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, मनाने देऊ नका. बीपीची पाणी काढणारी गोळी, सल्फाची अ‍ॅलर्जी, शुगरच्या काही नव्या गोळ्या, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा. घोरणाऱ्यांबद्दल तर नक्की विचारा, झोपेत श्वास अडकत असेल तर वर ऑक्सिजन आणखी उतरतो. दारू आणि झोपेची गोळी पूर्ण बंद. ग्लुकोमीटर थंडीत चुकतो, तो आणि इन्सुलिन स्वेटरच्या आत ठेवा.

पँगाँग तलावाचा मुक्काम शेवटी ठेवा. तो ४२०० मीटरच्या वर आहे, आणि तिथून लेहला परतायच्या नेहमीच्या रस्त्यावर चांग ला हा घाट लागतो, तो ५३०० च्याही वर, म्हणजे आजारी माणसाला खाली आणायला आधी अजून वर न्यावं लागतं, हे पॅकेजवाले सांगत नाहीत.

रोज सकाळी डोकं दुखतंय का, मळमळतंय का विचारा, मग टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. नुसतं डोकं दुखत असेल तर तिथेच थांबा, वर चढू नका. तोल गेला, बोलणं असंबद्ध वाटलं, तर शुगर तपासा पण त्यात वेळ घालवू नका, ऑक्सिजन लावा, खाली न्यायची सोय बघा, लेहमध्ये असाल तर थेट सोनम नोर्बू हॉस्पिटल गाठा, सकाळ व्हायची वाट बघू नका.