कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन पॅरालीगल शिक्षण: सुरुवात कशी करावी

पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याचे काम करणारा सहायक. कॅलिफोर्नियात स्वतःला ‘पॅरालीगल’ म्हणवून घ्यायला कायद्याने अटी घातल्या आहेत. राज्याच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचे कलम ६४५० त्यासाठी आहे. वर्ग निवडण्याआधी ते एकदा वाचून काढा, दहा मिनिटांचे काम आहे. आज नव्याने येणाऱ्याला त्यात तीन वाटा उरतात. पहिली, अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची म्हणजे एबीएची मान्यता असलेला पॅरालीगल कार्यक्रम पूर्ण करणे. दुसरी, मान्यताप्राप्त संस्थेतून कायद्याशी संबंधित विषयांची किमान २४ सेमिस्टर युनिट (श्रेयांक) मागणारे प्रमाणपत्र किंवा पदवी घेणे. तिसरी, कोणत्याही विषयातली बॅचलर्स पदवी, वकिलाच्या देखरेखीखाली किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्या वकिलाचे लेखी निवेदन.

भारतातून बी.कॉम. किंवा एलएल.बी. करून आलेल्यांना तिसरी वाट सोपी वाटते. पण अनुभव नसताना पहिली नोकरी देणारा वकील शोधणे हेच तिथे सगळ्यात अवघड असते. म्हणून बहुतेकांसाठी कम्युनिटी कॉलेज, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजच बरे. फी परवडते, वर्ग ऑनलाइन मिळतात आणि २४ युनिटांची अट पुरी होते.

कार्यक्रम निवडताना कॉलेजला चार प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रमाणपत्रात कायद्याची नेमकी किती युनिट आहेत? कॉलेज क्वार्टर पद्धतीचे असेल तर २४ सेमिस्टर युनिट म्हणजे ३६ क्वार्टर युनिट, हे लक्षात ठेवून मोजा. एबीएची मान्यता आज चालू आहे का? ही मान्यता कार्यक्रमाला मिळते, विद्यार्थ्याला नाही. त्यामुळे ‘मी एबीए सर्टिफाइड आहे’ असे रेझ्युमेत लिहिणे चुकीचे ठरते. सगळे वर्ग ऑनलाइन आहेत की काही ठरलेल्या वेळी थेट हजर राहून करावे लागतात? लहान मूल सांभाळून शिकणाऱ्यांसाठी हा प्रश्न कळीचा आहे. आणि शेवटचा, प्रमाणपत्र हातात पडण्यासाठी आधीची पदवी लागते का? काही कार्यक्रम असोसिएट (दोन वर्षांची) किंवा बॅचलर्स पदवी असल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत. अशा वेळी भारतातली पदवी चालते, पण तिचे मूल्यांकन करून द्यावे लागते.

मूल्यांकन नासेस या संघटनेच्या सदस्य संस्थांकडून करून घ्यावे. डब्ल्यूईएस आणि ईसीई ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावे. कॉलेज कोणाचे मूल्यांकन स्वीकारते ते आधी विचारा आणि ‘कोर्स बाय कोर्स’ प्रकारच मागवा, कारण नुसते पदवी सांगणारे मूल्यांकन युनिट मिळवायला उपयोगी पडत नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो भारतातल्या विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे गुणपत्रिका निघण्यात. वर्ग ऑगस्टअखेर सुरू होणार असतील तर मार्च-एप्रिलमध्येच विद्यापीठाकडे अर्ज टाका. सीलबंद पाकीट घरी आले तर ते फोडू नका, फोडलेले पाकीट अधिकृत मानत नाहीत. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. गुणपत्रिकेवर माहेरचे आणि पासपोर्टवर सासरचे नाव असले की फाइल अडते. एलएल.बी.मुळे सामान्य शिक्षणाची काही युनिट मिळू शकतात. मात्र करार किंवा दिवाणी प्रक्रिया हे विषय इथल्या कायद्यात पुन्हा करावे लागतील हे धरूनच चला.

व्हिसा आणि फी

एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, दोन्ही प्रकारे शिकता येते. त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. उलट एफ-१ वर असाल तर पूर्णवेळ अभ्यासक्रमात दर सत्राला जास्तीत जास्त एकच ऑनलाइन वर्ग किंवा तीन क्रेडिट धरले जातात, म्हणून पूर्ण ऑनलाइन प्रमाणपत्र त्या व्हिसावर जमत नाही. बी-२ वर आलेल्या पाहुण्यांना असा अभ्यासक्रम करता येत नाही.

शिकता येते म्हणजे कामही करता येते असे मात्र नाही. एच-४ वर काम करायला ईएडी म्हणजे कामाचे परवानापत्र लागते, आणि ते जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा त्याची एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेली असेल तरच मिळते. बऱ्याच कार्यक्रमांत इंटर्नशिपचा एक वर्ग असतो. तो सक्तीचा आहे का आणि त्याऐवजी दुसरा विषय घेता येतो का, हे प्रवेशाआधीच विचारा. बिनपगारी इंटर्नशिपला परवानगी लागत नाही हा समज धोक्याचा आहे. तिथे पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. ‘पॅरालीगल झाले की कंपनी एच-१बी करेल’ या आशेवर तर हा अभ्यासक्रम अजिबात निवडू नका. त्या व्हिसासाठी नोकरीलाच विशिष्ट विषयातली बॅचलर्स पदवी लागणारी असावी लागते, आणि पॅरालीगलची नोकरी सहसा त्यात बसत नाही.

राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. तीन युनिटांचा वर्ग १३८ डॉलर, २४ युनिट १,१०४ डॉलर. त्यावर आरोग्य शुल्क वगैरे किरकोळ रकमा आणि पुस्तके. रहिवासी नसाल तर प्रत्येक युनिटला आणखी काही शे डॉलर मोजावे लागतात, म्हणून हा फरक जिव्हारी लागण्याइतका मोठा आहे. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस झालेला असावा लागतो आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांतून दिसावा लागतो. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना असे रहिवासी होता येते, एफ-१ आणि बी व्हिसावाल्यांना नाही.

गडबड होते ती अर्जात. सीसीसी अप्लाय या संकेतस्थळावर अर्ज मोफत भरता येतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ‘नाही’ असा पर्याय आहे, तोच निवडा. तिथे जोडीदाराचा नंबर घालू नका. व्हिसाच्या प्रकारात गोंधळून ‘इतर’ निवडले की अर्ज ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून पुढे जाऊ शकतो आणि बिल आल्यावरच ते कळते. तसे झाले तर घाबरू नका. ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स विभागात दुरुस्तीचा अर्ज मिळतो. त्याला एक वर्षापूर्वीची तारीख असलेले कागद जोडा: कॅलिफोर्नियाचे ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचे संयुक्त आयकर विवरण, तुमचे नाव असलेला भाडेकरार. भाडेकरारावर फक्त नवऱ्याचे नाव असणे ही नेहमीची अडचण. पुढच्या नूतनीकरणात आपलेही नाव घालून घ्या.

एच-४ वाल्यांना फेडरल मदत मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा हा फेडरल मदतीचा अर्ज जरूर भरा, पण भारतातली बॅचलर्स पदवी असल्यास पेल ग्रँट हे फेडरल अनुदान मिळणार नाही. परदेशातली पदवीही तिथे पदवीच धरली जाते.

पहिल्या सत्रात किती वर्ग

आमचे मत स्पष्ट आहे: पहिल्या सत्रात दोनच वर्ग घ्या, ‘इंट्रोडक्शन टू पॅरालीगल स्टडीज’ आणि ‘लीगल रिसर्च’. दुसऱ्याला आधी पहिला पूर्ण करण्याची अट असेल तर त्याच्या जागी इंग्रजी लेखनाचा वर्ग घ्या. तीन युनिटांच्या वर्गाला सोळा-अठरा आठवडे दर आठवड्याला सुमारे नऊ तास लागतात. दोन वर्ग म्हणजे अठरा तास. तोच वर्ग आठ आठवड्यांच्या झटपट रूपात घेतला तर एकट्यालाच अठरा तास द्यावे लागतात. ‘लवकर संपेल’ म्हणून सुरुवातीलाच असे दोन वर्ग घेणारे चौथ्या आठवड्यात कोलमडतात.

वेळापत्रकात ‘झेडटीसी’ अशी खूण असलेल्या वर्गांना पुस्तकाचा खर्च नसतो. बाकीच्या वर्गांचे पुस्तक सिलॅबस बघितल्याशिवाय घेऊ नका. जुनी आवृत्ती स्वस्त मिळते, पण कायदा बदललेला असतो.

लॅपटॉप हवा, आणि त्यावर वर्ड हवे. इथे कंजुषी नडते. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दाखल होणाऱ्या कागदाला ‘प्लीडिंग पेपर’ म्हणतात. त्याच्या डाव्या कडेला ओळींचे क्रमांक असतात, सहसा १ ते २८. वर्डच्या साच्यात हे क्रमांक हेडरमधल्या चौकटीत बसवलेले असतात आणि मजकुराची ओळ त्यांच्या अगदी समोर यावी लागते. मजकुरातले ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायावर ठेवले तरच दोन्ही जुळतात. वेबपानावरून उतारा उचलून चिकटवला की त्याचे स्वतःचे अंतर सोबत येते आणि सातव्या-आठव्या ओळीपासून मजकूर क्रमांकांच्या मध्ये तरंगायला लागतो. उपाय सोपा आहे, चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा. गूगल डॉक्समध्ये हा साचा उघडला तर बहुधा विस्कटतोच.

पहिले दोन आठवडे

बहुतेक कॉलेजांत वर्ग कॅनव्हास या ऑनलाइन प्रणालीवर चालतात. पहिल्याच दिवशी तिथे जाऊन ओळखीची पोस्ट लिहा किंवा सिलॅबसची चाचणी द्या. नुसते लॉग-इन केल्याने सहभाग धरला जात नाही. पहिल्या आठवड्यात काहीच जमा न करणाऱ्याला शिक्षक वर्गातून काढून टाकतात आणि प्रतीक्षा यादीतल्याला जागा देतात. फी परत मिळण्याची शेवटची तारीख, ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याचा) शेरा न लागता वर्ग सोडण्याची तारीख आणि ‘डब्ल्यू’ घेऊन सोडण्याची तारीख या तीन वेगवेगळ्या असतात. तिन्ही पहिल्याच दिवशी कॅलेंडरात टाका.

तारखा लिहिताना महिना आधी. ०३/०४ म्हणजे इथे ४ मार्च. ही सवय वर्गापुरती नाही, धंद्यातली आहे. कॅलिफोर्नियात समन्स प्रत्यक्ष हातात दिल्यापासून साधारण ३० दिवसांत प्रतिवादीने उत्तर दाखल करायचे असते, फेडरल कोर्टात २१. तारीख उलटी वाचणारा पॅरालीगल अशिलाचा दावा बुडवू शकतो. सत्राच्या मध्ये भारतात जाणार असाल तर कॅनव्हासमधला टाइम झोन तपासा. पॅसिफिक वेळेची रात्री ११:५९ ची मुदत म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारी १२:२९, आणि नोव्हेंबरात घड्याळे मागे गेली की १:२९.

एलएल.बी. झालेल्यांना पहिला धक्का संदर्भलेखनात बसतो. केशवानंद भारती खटल्याचा संदर्भ आपण ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ असा देतो: आधी निवाडासंग्रहाचे नाव (एआयआर), मग वर्ष, मग कोर्ट, मग पान. इथल्या ब्लूबुक या संदर्भलेखनाच्या नियमावलीच्या पद्धतीत ‘मिरांडा वि. ॲरिझोना, ३८४ यू.एस. ४३६ (१९६६)’ असे येते: ३८४ हा खंड, ‘यू.एस.’ हा निवाडासंग्रह, ४३६ हे पान, आणि वर्ष शेवटी कंसात. कॅलिफोर्नियाची स्वतःची ‘स्टाइल मॅन्युअल’ही आहे आणि तिच्यात वर्ष नावाच्या लगेच पुढे येते. शिक्षकांना कोणती हवी हे सिलॅबसमध्ये पाहा, कारण गुण तिथे कापले जातात. आणि ‘जजमेंट’ या इंग्रजी शब्दात ‘जी’नंतर ‘ई’ लिहू नका, इथल्या कायद्याच्या लेखनात ती चूक धरतात.

दुसरा धक्का उत्तराच्या रचनेचा. कलमे पाठ लिहून इथे गुण मिळत नाहीत. ‘आयरॅक’ म्हणजे मुद्दा, नियम, लागू करणे आणि निष्कर्ष या क्रमाने लिहायचे. उदाहरण घ्या. भाडेकरूने १ जूनला घर सोडले, मालकाने हिशेब न देता अर्धे डिपॉझिट १ जुलैला पाठवले. मुद्दा: मालकाने मुदत पाळली का? नियम: सिव्हिल कोड १९५०.५ प्रमाणे घर सोडल्यापासून २१ दिवसांत उरलेले डिपॉझिट आणि कपातीचा तपशील द्यावा लागतो. लागू करणे: १ जूनपासून २१ दिवस २२ जूनला संपतात, पैसे त्यानंतर नऊ दिवसांनी आले आणि तपशील नाहीच. निष्कर्ष: मालकाने कलमाचे पालन केले नाही. नवे विद्यार्थी नियम पानभर लिहितात आणि लागू करण्याला एक ओळ देतात. गुण मात्र बहुतांश त्या तिसऱ्या भागाला असतात, आणि तिथे २२ जून ही तारीख मोजून लिहिलेली दिसावी लागते.

निवाडे शोधायला कॉलेज सहसा वेस्टलॉ किंवा लेक्सिस देते. त्याचे लॉग-इन पहिल्या आठवड्यातच चालू करून घ्या. एआयने दिलेला कुठलाही निवाडा तिथे स्वतः उघडून वाचल्याशिवाय वापरू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात ‘माता वि. एव्हियांका’ खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल झाले आणि वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

दोन वर्ग झाले की मंडळातली, शेजारची माणसे विचारायला लागतात: ‘ग्रीन कार्डचा हा फॉर्म जरा भरून देशील का?’ नाही म्हणा. कोणता फॉर्म भरायचा, कोणता पर्याय निवडायचा हे सांगणे म्हणजे कायदेशीर सल्ला. पॅरालीगल झाल्यावरही तो देता येत नाही. कॅलिफोर्नियात पॅरालीगलने वकिलाच्या देखरेखीखालीच काम करायचे असते, थेट लोकांकडून कामे घेता येत नाहीत. मोबदला घेऊन इमिग्रेशनचे फॉर्म भरून देणाऱ्याला राज्याकडे नोंदणी आणि १,००,००० डॉलरचा बाँड लागतो. अशा वेळी परवानाधारक इमिग्रेशन वकील कसा शोधायचा आणि स्टेट बार या वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचे नाव कसे तपासायचे, एवढे दाखवून द्या.