परवाना बघून खातं ठरवू नका: डेबियनमध्ये वाइनसारखी पॅकेजं करताना होणाऱ्या चुका

डेबियन या लिनक्स वितरणासाठी नव्याने पॅकेजं (बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे) करणाऱ्यांचं काम मी अधूनमधून तपासून देतो. दुसऱ्या सिस्टिमचे प्रोग्रॅम चालवणारं काही आलं की घोळ ठरलेला: कुठल्या खात्यात टाकायचं, मेन, कॉन्ट्रिब की नॉन-फ्री (मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचं)?

सगळ्यात जास्त डोकं खाते ती चूक म्हणजे 'परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त, म्हणजे मेन'. एका मुलाने अशीच एक स्क्रिप्ट पाठवली होती. सीडीवर मिळणारं जुनं मराठी टायपिंगचं विंडोज सॉफ्टवेअर वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवायचं, एवढंच तिचं काम. डिपेंड्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) फक्त वाइन, पॅकेजातल्या चुका शोधणारा लिंटियन गप्प, सेक्शनसमोर खात्याचं नाव न घालता नुसतं 'टेक्स्ट', म्हणजे मेन. मी नेट बंद करून कोऱ्या क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या जागेत) बसवलं आणि चालवलं. एक ओळ आली, फाइल डाउनलोड होत नाही, आणि स्क्रिप्ट बंद. आत बघतो तर एका फंक्शनमध्ये नेटवरून फाइल उतरवणारा डब्ल्यूगेट बसलेला. पहिल्यांदा चालवताना तो मालकीचा इन्स्टॉलर ओढून आणायचा!

विचारलं तर म्हणे, "सर, पण डिपेंड्समध्ये कुठे आहे ते?" अरे बाबा, किराणाच्या यादीत तेल लिहिलं नाही म्हणून भजी पाण्यात तळणार का? मेनमधलं पॅकेज स्वतः मुक्त हवंच, शिवाय बनायला-चालायला त्याला मेनबाहेरचं काही लागता कामा नये. लागत असेल तर कॉन्ट्रिब. वाइनमध्ये विंडोजचे जास्तीचे भाग बसवून देणारं विनट्रिक्स तिथेच आहे. दुरुस्ती एका शब्दाची होती, 'कॉन्ट्रिब/टेक्स्ट'. त्यावर त्याने तीन मेल वाद घातला. कॉन्ट्रिब म्हणजे नापास असं पोरांना का वाटतं, देव जाणे. तेव्हापासून नेट बंद केल्याशिवाय मी असलं पॅकेज तपासतच नाही.

दुसरी चूक बरोब्बर उलटी. 'वाइनवर लोक मायक्रोसॉफ्ट ऑफिस चालवतात, मग वाइन कॉन्ट्रिबमध्ये हवं.' नको. वाइन मेनमध्ये आहे आणि योग्य जागी आहे. नुसतं वाइन बसवा, 'वाइन विनमाइन' टाइप करा. सुरुंग शोधायचा खेळ उघडतो, मायक्रोसॉफ्टची एकही फाइल न लागता. पुढे कोणी त्यात काय चालवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. याउलट कमोडोर या जुन्या संगणकांची नक्कल करणारा व्हाइस कॉन्ट्रिबमध्ये, कारण मूळ रॉमशिवाय (त्या संगणकांतल्या कायमच्या प्रोग्रॅमांशिवाय) त्याचं पान हलत नाही, आणि ते रॉम मुक्त नाहीत. जुने साहसी खेळ चालवणारं स्कमव्हीएम मात्र मेनमध्ये. त्यावर चालणारा 'बिनीथ अ स्टील स्काय' हा खेळसुद्धा मेनमध्येच मिळतो.

सगळंच इतकं सरळ नसतं, हे मान्य. विंडोजचे वाय-फाय ड्रायव्हर लिनक्सवर चालवणाऱ्या एनडीआयएसरॅपरवरून 2006 मध्ये प्रकरण थेट डेबियनच्या तांत्रिक समितीकडे गेलं होतं. रॅपर मुक्त, पण त्यात लोक घालणार ते ड्रायव्हर जवळपास सगळे मालकीचे. अशा ठिकाणी वाद घाला, माझी ना नाही. बाकी वेळी आधी डेबियनची पॉलिसी वाचा. दोन परिच्छेदांचं काम आहे, पण तेवढाही धीर नसतो.

'चालायला' बघतात, 'बनायला' विसरतात. संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचा कोड मुक्त आहे, तरी त्याचं बायॉस बांधायला ओपन वॉटकॉम कंपायलर लागतो. तो मेनमध्ये नाही, म्हणून कॉन्ट्रिब.

मेनच्या पॅकेजात रेकमेंड्समध्ये (शिफारशींच्या यादीत) नॉन-फ्रीचं नाव टाकू नका. सजेस्ट्समध्ये (नुसत्या सूचनांच्या यादीत) चालतं. 'हे किंवा ते' असा पर्याय देताना मेनमधलं नाव आधी.

आणि वापरणाऱ्यांनो, विनट्रिक्स सापडत नाही म्हणून कुठल्यातरी साइटवरून डेब फाइल उतरवू नका. डेबियनच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, नॉन-फ्री-फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या मुक्त नसलेल्या फायलींचं) हे वेगळं खातं आहे. ते चालू असलं म्हणजे कॉन्ट्रिबही चालू झालं असं नाही. सोर्सेसच्या (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीच्या) ओळीत 'कॉन्ट्रिब' जोडा, अपडेट मारा, मिळेल.