इलेक्ट्रोडायनॅमिक्सचा पेपर: मार्क कुठे जातात

एमएस्सी फिजिक्सला प्रवेश घेतला की सीनियर सगळ्यात आधी इलेक्ट्रोडायनॅमिक्सची, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या पेपरची, धास्ती घालतात. मग पोरं मॅक्सवेलची चार समीकरणं घोकायला बसतात. ती तर बीएस्सीतच पाठ झालेली असतात. इथे मार्क जातात ते बाउंडरी कंडिशनमध्ये (पृष्ठावर किंवा अनंतावर काय असायला हवं त्या अटी), अधिक-उणे चिन्हांत आणि कोऑर्डिनेट्समध्ये. नागपूरला अमरावती रोडच्या विद्यापीठ कॅम्पसवर शिका, व्हीएनआयटीत शिका की शहरातल्या एखाद्या कॉलेजात, क्रम थोडा मागेपुढे झाला तरी दुखणं हेच.

म्हणून वर्ग सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे निव्वळ व्हेक्टर कॅल्क्युलसला द्या. कार्टेशियनमध्ये ग्रॅडियंट, कर्ल सगळ्यांनाच येतात. स्फेरिकलमध्ये हात लटपटतो, कारण तिथल्या युनिट व्हेक्टरची दिशा जागेनुसार बदलते आणि इंटिग्रेशन करताना ते स्थिरांकासारखे बाहेर काढता येत नाहीत. तयारी झाली का हे तपासायला एकच गणित पुरेसं आहे. मूळ बिंदूपासून बाहेरच्या दिशेने जाणारं, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातलं क्षेत्र घ्या. सूत्रात घालून डायव्हर्जन्स काढलं तर शून्य येतं. त्याच क्षेत्राचा गोलातून जाणारा फ्लक्स मात्र ४ पाय येतो, मग गोल केवढाही असो. हे ४ पाय आले कुठून? सगळे मूळ बिंदूवरून, आणि त्यासाठीच डिराक डेल्टा, म्हणजे एकाच बिंदूवर एकवटलेलं फंक्शन, लागतो. हे नीट पटलं नाही तर पुढची ग्रीन फंक्शनची (एका बिंदू-चार्जच्या उत्तरावरून बाकीचं उत्तर बांधण्याची) सगळी प्रकरणं नुसती पाठ करावी लागतात.

दुसरी सवय वहीची. क्षेत्र जिथे मोजायचं तो बिंदू आणि चार्ज जिथे आहे तो बिंदू यांना वेगळी अक्षरं द्या, चार्जच्या बिंदूवर डॅश न चुकता लावा. एकावरचं डेरिव्हेटिव्ह दुसऱ्यावर नेलं की चिन्ह उलटतं. व्हेक्टर पोटेन्शियलच्या निम्म्या चुका इथल्याच.

आता खरा गाभा, बाउंडरी व्हॅल्यू प्रॉब्लेम. नेहमीचंच उदाहरण घेऊ: एकसमान क्षेत्रात ठेवलेला, चार्ज नसलेला वाहक गोल. बरेच जण सवयीने लिहितात, ‘अनंतावर पोटेन्शियल शून्य’. तिथेच गणित संपतं. गोलाच्या पृष्ठावर शून्य घेतलंय, अनंतावरही शून्य, मग युनिकनेस थिअरमप्रमाणे मधेही सगळीकडे शून्यच येणार. दूरवर पोटेन्शियल उणे ई-नॉट गुणिले आर कॉस थीटा असायला हवं (ई-नॉट म्हणजे मूळ क्षेत्र, आर केंद्रापासूनचं अंतर, थीटा क्षेत्राच्या दिशेशी होणारा कोन), कारण तिथे मूळ क्षेत्र तसंच राहतं. कॉस थीटा म्हणजे पहिला लेजांद्र पॉलिनॉमियल, त्यामुळे मालिकेतली बाकीची पदं गळतात. ती एकेक काढून पान भरू नका, ऑर्थोगोनॅलिटीचं एक वाक्य लिहा आणि पुढे चला. पृष्ठावरची अट लावली की दुसरं पद मिळतं: ई-नॉट गुणिले त्रिज्येचा घन, भागिले अंतराचा वर्ग, गुणिले कॉस थीटा. त्यावरून पृष्ठावरची चार्ज घनता ३ एप्सिलॉन-नॉट ई-नॉट कॉस थीटा.

उत्तर आलं म्हणून पेन खाली ठेवू नका. एकूण चार्ज शून्य येतो का ते बघा. ध्रुवावर क्षेत्र मूळच्या तिप्पट आणि विषुववृत्तावर शून्य यायला हवं. वाहकाऐवजी डायइलेक्ट्रिक गोल असेल तर आतलं क्षेत्र मूळच्या ३ भागिले (कप्पा अधिक २) पट असतं; कप्पा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. कप्पा १ धरला की मूळ क्षेत्र परत मिळतं, अनंत धरला की शून्य. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि चिन्हाची चूक तिथल्या तिथे सापडते.

इमेज चार्जमध्ये, म्हणजे वाहकाऐवजी त्यामागे काल्पनिक चार्ज धरण्याच्या पद्धतीत, फसगत ऊर्जेत होते. अर्थ केलेल्या वाहक पत्र्यासमोर चार्ज असेल तर बल दोन खऱ्या चार्जमधल्याइतकंच असतं, ऊर्जा मात्र निम्मी. क्षेत्र पत्र्याच्या एकाच बाजूला आहे. पलीकडे काहीच नाही.

सीताबर्डीच्या बाजारात जुनं संदर्भपुस्तक स्वस्तात मिळालं तर आधी एककं बघा. डी बरोबर ई अधिक ४ पाय पी असं दिसलं की पुस्तक गॉसियन एककांतलं आहे. वाईट नाही, पण एसआयमधल्या नोट्स शेजारी ठेवून वाचलं तर गोंधळ ठरलेला.

लहरींचं प्रकरण त्यामानाने सोपं. तिथे आकडे घालून बघायची सवय लावा. कोराडीच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या हाय टेन्शन लाइनमध्ये ॲल्युमिनियम असतं; ५० हर्ट्झला त्याची स्किन डेप्थ (लहर धातूत जितकी आत शिरते ती खोली) साधारण १२ मिलिमीटर. तांब्याची ९ च्या आसपास, आणि १ मेगाहर्ट्झला तीच ६५ मायक्रॉन. उत्तर अडीच पट मोठं आलं तर समजा ओमेगाच्या जागी फ्रीक्वेन्सी घातलीय. तसंच पॉइंटिंग व्हेक्टरचं, म्हणजे लहर दर चौरस मीटरला किती ऊर्जा वाहून नेते त्याचं. मे महिन्यातलं दुपारचं ऊन चौरस मीटरला १००० वॅट धरा. विद्युत क्षेत्राचं शिखर मूल्य सुमारे ८७० व्होल्ट प्रति मीटर येतं. ६१४ आलं तर सरासरीचा अर्धा विसरलात, किंवा आरएमएसलाच शिखर मूल्य समजून बसलात. त्याच उन्हाचा काळ्या पृष्ठभागावरचा दाब ३.३ मायक्रोपास्कल, आरशावर दुप्पट.

रेडिएशन शेवटी येतं आणि घाईत उरकलं जातं. नेट किंवा गेटला बसणार असाल तर लार्मर सूत्र (त्वरण असलेला चार्ज किती ऊर्जा बाहेर टाकतो ते) आणि डायपोलचं साइन-वर्ग थीटा वितरण तरी पक्कं करा. या दोन गोष्टींतून बरेच प्रश्न सुटतात. एनपीटीईएलची (आयआयटींची ऑनलाइन) व्याख्यानं फुकट आहेत, पण व्हिडिओ बघून हात बसत नाही. आठवड्याला आठ-दहा गणितं स्वतः, उत्तर न बघता.

प्रॅक्टिकलला हॉल इफेक्ट (चुंबकीय क्षेत्रात करंटच्या आडव्या दिशेला व्होल्टेज येणं) असेल तर क्षेत्र नसतानाही मीटर थोडं व्होल्टेज दाखवेल. संपर्क अगदी समोरासमोर नसतात म्हणून. क्षेत्र उलटं करून दोन्ही रीडिंगच्या फरकाचा निम्मा घ्या. इलेक्ट्रोमॅग्नेटचा करंट शून्य केला तरी थोडं क्षेत्र उरतंच, त्यामुळे क्षेत्र करंटवरून न धरता गॉसमीटरनेच मोजा. आणि एप्रिलमध्ये जर्मेनियमचा नमुना असेल तर खोलीचं तापमान वहीत लिहा: गरम नमुन्यात उष्णतेने जादा वाहक तयार होतात, आणि दुपारचा हॉल कोइफिशियंट सकाळच्या उत्तराशी जुळत नाही.