फवारणी ड्रोनच्या कार्बन फायबर भुजेतील छुपी इजा: माझा अनुभव

तासगावजवळच्या द्राक्षबागेत फवारणी करताना आमच्या ड्रोनची कार्बन फायबरची भुजा मांडवाच्या अँगलला धडकली. वरून ओरखडाही दिसत नव्हता. परंतु अशा धक्क्याने आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात, म्हणून नाण्याच्या कडेने भुजेच्या पोकळ नळीवर हलके ठोकत गेलो, तेव्हा सर्वत्र खणखणीत येणारा आवाज मोटरच्या बैठकीजवळ एकदम बद्द झाला. खात्रीसाठी कुपवाडच्या एका तपासनिसाकडून अल्ट्रासोनिक चाचणी (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी आतली तपासणी) करून घेतली. जेल लावून प्रोब (या लहरी सोडणारा आणि टिपणारा भाग) तिथे टेकवताच नळीच्या आतल्या पृष्ठभागाचा प्रतिध्वनी जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याच्या आधीच दुसरा उमटला, म्हणजे लहरी मधल्या सुटलेल्या थरावरूनच परतत होत्या. एक्स-रेमध्ये असे समांतर सुटलेले थर सहसा दिसत नाहीत, त्यामुळे तो खर्च टाळला. वरून रेझिन (थर चिकटवणारा पदार्थ) भरण्याचा सल्ला मला पटला नाही. भुजाच बदलली आणि नव्या नळीचा आवाज तुलनेसाठी मोबाइलवर नोंदवून ठेवला.