नायगारा कुठल्या बाजूने पाहावा? आधी पासपोर्ट उघडा, मग नकाशा

मुलाकडे न्यू जर्सीला जाणार म्हणजे नायगारा ठरलेलाच. तिकिटं निघाली की ओळखीतलं कुणीतरी सांगतंच, “कॅनडाच्या बाजूनेच बघा हं, अमेरिकेकडून काही दिसत नाही.” यातला दुसरा भाग खरा नाही आणि पहिला सगळ्यांच्या हातात नसतो. तेव्हा कुठल्या बाजूला जायचं हे खालच्या क्रमाने ठरवा.

१. प्रत्येकाची कागदपत्रं वेगवेगळी तपासा

एका गाडीत बसलेल्या पाच माणसांना पाच नियम लागू होऊ शकतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. अमेरिकी नागरिक असलेल्या नातवाला तो लागत नाही. ग्रीन कार्ड असलेल्या मुलालाही लागत नाही. २०२२ पासून त्याला पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड एवढंच पुरतं. अडतात ते आई-बाबा, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेली सून. मुलगा सहज म्हणतो, “जाऊ की पलीकडे, दहा मिनिटांचा पूल आहे.” त्याच्यासाठी तो खरंच दहा मिनिटांचा असतो.

कॅनडाचा व्हिसा काढायचा असेल तर भारतातून निघण्याआधीच काढा. अर्जाचे १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे माणशी ८५, असा खर्च धरा. अमेरिकेतूनही अर्ज करता येतो, पण मंजुरीनंतर शिक्क्यासाठी पासपोर्ट पाठवावा लागतो, आणि परक्या देशात पासपोर्ट हातावेगळा करून बसणं आपल्याकडच्या आई-बाबांना मानवत नाही. परत यायचं म्हणून अमेरिकेच्या व्हिसावर ‘एन्ट्रीज’खाली एम, म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश, आहे ना तेही बघा. कॅनडात जाऊन आल्याने अमेरिकेतले सहा महिने नव्याने सुरू होतील, अशी समजूत मात्र करून घेऊ नका.

पासपोर्टवरच्या एच-१बी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल तर कॅनडात ३० दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची सवलत काही अटींवर मिळते. त्या अटी गाडीत बसून वाचण्यासारख्या नाहीत, कंपनीच्या वकिलाला विचारूनच जा. मूल एकाच पालकाबरोबर पूल ओलांडणार असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ असू द्या.

माझं मत विचाराल तर, टोरंटोला भाची राहत असेल, चार दिवस तिच्याकडेही जायचं असेल, तर व्हिसा जरूर काढा. नुसत्या धबधब्यासाठी त्यामागे धावू नका. का, ते पुढे येतंच.

२. कुठून काय दिसतं ते समजून घ्या

नायगारा हा एक धबधबा नाही, तीन आहेत. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पूर्वेचा काठ अमेरिकेचा, पश्चिमेचा कॅनडाचा. अमेरिकन फॉल्स आणि त्याला खेटून असलेला चिंचोळा ब्रायडल व्हेल हे दोन्ही पूर्ण अमेरिकेत आहेत, पण त्यांचं तोंड कॅनडाकडे आहे. तिसरा हॉर्सशू फॉल्स, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. नदीचं सुमारे ९० टक्के पाणी तिथूनच पडतं आणि त्याचा बराचसा भाग कॅनडात येतो. ब्रायडल व्हेल आणि हॉर्सशू यांच्या मध्ये गोट आयलंड नावाचं बेट आहे, ते अमेरिकेचं.

म्हणजे कॅनडाच्या काठावर उभं राहिलं की तिन्ही धबधबे समोर, एका नजरेत. कॅलेंडरवरचा नायगारा तो हाच. अमेरिकेच्या बाजूला तुम्ही धबधब्याच्या समोर नसता, माथ्यावर असता. विसर्जनाची मिरवणूक गॅलरीतून पाहणं आणि ढोल-ताशाच्या शेजारून चालणं यात जो फरक, तोच इथे आहे. गॅलरीतून सगळं दिसतं हे खरं. पण छातीत ढोल वाजतो तो खाली.

अमेरिकेच्या बाजूला तीन जागा चुकवू नका. गोट आयलंडच्या टोकाला टेरापिन पॉइंट आहे. तिथे कठड्याशी उभं राहिलं की हॉर्सशूचं हिरवं पाणी अगदी शेजारून खाली वळताना दिसतं. दुसरी जागा केव्ह ऑफ द विंड्स. नाव गुहेचं असलं तरी ती गुहा आता नाही. लिफ्टने खाली उतरून लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेलच्या पायथ्याशी जायचं असतं. सगळ्यात वरचा फलाट पडत्या पाण्यापासून जेमतेम २० फुटांवर आहे, आणि तिथे रेनकोट फक्त मनाच्या समाधानासाठी असतो. तिसरी जागा थ्री सिस्टर्स आयलंड्स. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदी कशी उसळत येते ते इथे दिसतं. इथे गर्दीही कमी असते. या सगळ्या भागाचं मिळून १८८५ साली राज्य उद्यान झालं, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं. आत शिरायला पैसे नाहीत, पार्किंगला मात्र आहेत.

कॅनडाच्या बाजूला काठाने लांबच लांब सपाट रस्ता आहे आणि तो फुकट आहे. टेबल रॉकला हॉर्सशूचा काठ हाताशी येतो. तिथूनच बोगद्याने धबधब्याच्या मागे जाता येतं, पण बोगद्याच्या झरोक्यातून नुसती पांढरी भिंत दिसते. खरी मजा बाहेरच्या सज्जात. क्लिफ्टन हिल या करमणुकीच्या रस्त्याचा झगमगाट जत्रेसारखा आहे. मुलं खूश होतात, पाकीट नाही.

बोटीपायी बाजू बदलू नका. अमेरिकेची मेड ऑफ द मिस्ट निळे रेनकोट देते, कॅनडाची बोट लाल. दोन्ही हॉर्सशूच्या त्याच कुंडात शिरतात आणि सारखंच भिजवतात.

एक सूचना: जोगचा धबधबा पाहिलेल्यांनी उंची मोजायला जाऊ नये. जोग २५० मीटरच्या वर, नायगारा पन्नासेक. इथे रुंदी बघायची, आणि चार मोठ्या सरोवरांचं पाणी भर उन्हाळ्यातही कसं येतं ते बघायचं.

३. बरोबर कोण आहे ते बघा

गुडघे कुरकुरत असतील, व्हीलचेअर असेल, तर कॅनडाचा सपाट काठ उत्तम. व्हिसा नसेल तरी बिघडत नाही. अमेरिकेच्या बाजूला प्रॉस्पेक्ट पॉइंटचा निरीक्षण मनोरा दरीत पुढे आलेला आहे. त्यावरून वळून पाहिलं की अमेरिकन फॉल्स बऱ्यापैकी समोरून दिसतो. केव्ह ऑफ द विंड्सचे जिने मात्र आजी-आजोबांनी विचार करून चढावेत. जेवणाची सोय म्हणाल तर अमेरिकेच्या बाजूला भारतीय हॉटेलं पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

४. महिना आणि वेळ जुळवा

बोटी साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. केव्ह ऑफ द विंड्सचे लाकडी जिने बर्फामुळे दरवर्षी काढून ठेवतात आणि वसंतात पुन्हा उभारतात. म्हणून हिवाळ्यात अमेरिकेच्या बाजूचा निम्मा जीव जातो. तेव्हा कॅनडाचं पारडं जड.

पाण्याचंही वेळापत्रक आहे. दोन्ही देश नदीचं पाणी विजेसाठी वळवतात, आणि १९५० च्या करारानुसार धबधब्यावर किती सोडायचं ते ठरलेलं आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर सकाळी ८ ते रात्री १० पर्यंत सेकंदाला निदान २८ लाख लिटर, नंतर ऑक्टोबरअखेर रात्री ८ पर्यंतच. बाकी वेळी याच्या निम्मं. रात्री धबधब्यावर रंगीत दिव्यांची रोषणाई करतात, ती पाहायची तर जेवण उरकून साडेदहाला निघू नका.

इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी अमेरिकेचा काठ, दुपारनंतर कॅनडाचा.

५. दोन्ही बाजू करायच्या असतील तर

वरचं सगळं जमवलं तर क्रम आपोआप ठरतो. सकाळी गोट आयलंड आणि केव्ह ऑफ द विंड्स, ओले कपडे बदलून दुपारी दोन्ही देशांना जोडणारा रेनबो ब्रिज पायी ओलांडायचा, संध्याकाळ आणि रोषणाई कॅनडात. गाडी अमेरिकेतच ठेवली की पुलावरची मोटारींची रांग आणि पलीकडचं महागडं पार्किंग दोन्ही वाचतं. शनिवार-रविवार ही रांग फार वाढते. मूळ पासपोर्ट हवेत, फोनमधले फोटो चालत नाहीत. डब्यात काय आहे असं अधिकाऱ्याने विचारलं तर फळांसकट सगळं सांगून टाका.

फक्त अमेरिकेची बाजू करणाऱ्यांनी गाडी चालवताना पुलाच्या पाट्यांकडे नीट लक्ष द्यावं. चुकून कॅनडाच्या लेनमध्ये शिरलात तर मागे वळायला जागा नसते, आणि मग दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांना समजावत बसावं लागतं. काठावर फोन पलीकडचा टॉवर पकडतो, तेव्हा गाडीतून उतरण्याआधीच रोमिंग बंद करा.