कॅम्पर गाडी पेटू नये म्हणून काय बघायचं

साताऱ्यात गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी २२ वर्षं गेली. हल्ली ट्रॅव्हलर नाहीतर जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, फ्रीज बसवून घेणारी मंडळी येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सिलिंडर आत ठेवला तर चालेल ना?" बॅटरीच्या थिंबलबद्दल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवतात त्या नटाखालच्या कडीबद्दल, आजवर एकानंही विचारलेलं नाही.

मार्चमध्ये एक जोडपं बामणोलीला दोन रात्री राहून यवतेश्वरच्या घाटानं थेट गॅरेजला आलं. ताई म्हणाल्या, "दादा, चहासाठी इंडक्शन लावलं की मासळी जळल्यासारखा वास येतो." पलंगाची फळी उचलली. इन्व्हर्टरच्या वायरीचं थिंबल काळंनिळं पडलेलं, वरची लाल टोपी मेणासारखी ओघळलेली आणि शेजारी थर्माकोलचा तुकडा. नट चक्क बोटांनी फिरला.

"मग फ्यूज का नाही उडाला?" ताईंसोबतच्या दादांचा प्रश्न रास्त होता. १००० वॉटचा लोड १२ व्होल्टवर चालवायचा तर ८३ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून नव्वदच्या पुढे. ढिल्या जोडात एक शतांश ओहमचा अडथळा आला तरी त्या एका ठिकाणी ८० वॉटची उष्णता तयार होते. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे, त्यावर कथील पाणी होतं. करंट मात्र वाढत नाही, म्हणून फ्यूजला पत्ताच लागत नाही. फ्यूज वायर शॉर्ट झाली तर वाचवतो, ढिला नट तुम्हालाच शोधावा लागतो.

तो असा शोधा. लोड दहा मिनिटं चालवा, सगळं बंद करा आणि १२ व्होल्टच्या जोडांजवळ वायरीवरून हात फिरवा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर तिथेच गडबड. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात घालू नका. नट आवळताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर पाना बॉडीला लागून जी ठिणगी उडते ती एकदा बघितलेली पुरे. थिंबल हातोडीनं ठोकून बसवलेलं चालवून घेऊ नका, थिंबल दाबायच्या प्रेसनंच दाबून घ्या. नवीन काम झालं की पहिल्या घाटाच्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळा. खड्डे आपलं काम चोख करतात.

एवढ्या लोडला ३५ स्क्वेअर एमएमची वायर लागते. घरातली अडीचची वायर टाकून "चालतंय की" म्हणणारे मी बघितलेत. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची वायर पत्र्याला घासली तर तिला वाली नाही, म्हणून पत्र्यातून जाते तिथे रबर लावाच.

आता गॅस. तो हवेपेक्षा जड, गळला की फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतून बंद आणि तिच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. गॅसचा अलार्म पायाशी, धुराचा छताला. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. आणि थंडीत महाबळेश्वरला शेगडी पेटवून झोपायचं खूळ डोक्यातून काढा, तिथे आगीआधी कार्बन मोनॉक्साइड गाठतो.

होळीनंतर कासच्या बाजूला गवत कडकडीत वाळलेलं असतं. एकदा मीच घाईत तसल्या गवतावर गाडी लावली. सायलेन्सरखाली धूर निघाला, पाण्याचा कॅन होता म्हणून निभावलं. घाट उतरून आल्यावर तर सायलेन्सर आणि ब्रेक दोन्ही तापलेले असतात. मोकळ्या मुरमावरच थांबा.

दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराशी टांगा. शेगडीमागं ठेवलंत तर आगीतून हात घालावा लागेल. काटा हिरव्यात आहे ना, अधूनमधून बघा.

त्या जोडप्याच्या गाडीचं मागचं दार कपाटासाठी प्लाय ठोकून बंद केलेलं होतं. थिंबल मी बदललं, प्लायचे स्क्रू मात्र दादांकडूनच काढून घेतले. मग शटर ओढून, दिवे घालवून दोघांना पलंगावर झोपवलं आणि म्हटलं, आता मागनं बाहेर या. पहिल्या खेपेला कडी सापडलीच नाही. दुसऱ्या खेपेला ताईंना सापडली.