सुरुवात पिल्लांपासून नको, तलंगांपासून करा

पहिल्यांदाच कोंबड्या पाळताय? मग एक दिवसाची पिल्लं आणू नका. पहिल्या आठवड्यात त्यांना रात्रंदिवस ३२ ते ३५ अंश ऊब लागते. एका गार रात्रीत सगळी दगावू शकतात, आणि ते बघवत नाही. त्यापेक्षा चार-पाच महिन्यांच्या, लस दिलेल्या तीन-चार तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या, घ्या. महिना-दोन महिन्यांत त्या अंड्यांवर येतात. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही.

आणल्या आणल्या अंगणात सोडू नका. आठवडाभर खुराड्यातच दाणा-पाणी द्या. जागा ओळखीची झाली की तिन्हीसांजेला त्या आपणहून परततात. दार मात्र रोज स्वतःच्या हाताने लावा. मुंगूस मुठीएवढ्या फटीतूनही आत शिरतं.